अभ्रकच्या वाकड्या इमारती

८ फेब्रुवारी, रविवार

'महादल'चा तिसरा भाग पाहून आलो. सकाळचा पहिला खेळ, नेहमीप्रमाणे एकटाच. बायको म्हणाली, "बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि पँटवरून चड्डी घालणाऱ्यांसाठी रविवारची झोप मोडतोस." हल्ली ते पँटवरून चड्डी घालतच नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे. सगळ्यांचे पोशाख राखाडी. सात वीर एका रांगेत उभे राहिले की पाण्याच्या टाक्यांची जाहिरात वाटते.

आणि सातही जण दर दहा मिनिटांनी मुखवटा काढून बोलतात. नटाचा चेहरा दिसला पाहिजे ना! अरे, काढायचाच होता तर घातलात कशाला? शेवटी आकाशातून निळा झोत येतो, आख्ख्या शहराचा चुराडा होतो आणि एकाही माणसाला खरचटत नाही. नावं संपल्यावर येणाऱ्या एका मिनिटाच्या तुकड्यासाठी सगळं थिएटर लघवी दाबून बसलं होतं. मीही बसलो होतो.

हे सगळं आमच्या कॉमिकवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. तिथे माझं नाव 'चौथी चौकट'. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, ते बरंच आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात "ही ओळ वाचा, आता ही वाचा" करणारा माणूस म्हणजे चौथी चौकट, हे कळलं तर कोण विचारेल मला? ग्रुपवर बावीस हजार लोक आहेत. दुपारपर्यंत सहाशे जणांना माझं लिहिणं आवडलं. बायकोला आकडा सांगितला तर म्हणाली, "बरं. गॅस बंद कर."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

'अभ्रक' कॉमिकचा सत्तावन्नावा अंक आला. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून जेवणाच्या सुट्टीत वाचला.

अभ्रक हा माझा माणूस. त्याच्या अंगाला अभ्रकासारखे पापुद्रे आहेत. कुणालाही वाचवलं की त्यातला एक सुटतो आणि पुन्हा येत नाही. साठ अंकांत संपणार हे पहिल्या दिवशीच जाहीर झालं होतं, म्हणजे आता तीन उरले. अकरा वर्षं एकच बाई तो काढतेय. हाताने, शाईने, कॉम्प्युटरला हात न लावता. तिच्या एका पानावर जेवढी माणसं जगतात, तेवढी 'महादल'च्या तिन्ही भागांत मिळून नाहीत.

म्हणूनच राग आला. ह्या अंकात पानाच्या मधोमध आलेली प्रत्येक इमारत वाकलीय. खिडक्यांच्या रांगा पोटात खड्डा पडल्यासारख्या आत गेल्यात. एका चौकटीत अभ्रकचं नाक गालाकडे सरकलंय. मी लिहिलं, "इमारती झिंगल्या आहेत. अभ्रकने आता शहर वाचवायच्या आधी त्यांना घरी पोचवावं. बाईंनी शाई ठेवून दिलेली बरी." जरा लागेल असं लिहिलं खरं, पण प्रेम असल्याशिवाय कोण एवढं बघतं? नऊशे जणांनी पसंती दिली. माझा आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते इथेच लिहायचं, कुठेही बोलायचं नाही.

अकराच्या सुमारास साठीतल्या एक बाई आल्या. बरोबर तिशीची भाची होती, ती बाहेरच्या बाकावर फोनवर बोलत बसली. बाईंना जवळचं दिसायला जाड नंबर हवा होता. मी कार्ड भरायला घेतलं, त्यांनी नाव सांगितलं आणि माझं पेन थांबलं. अकरा वर्षं प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात वाचत आलोय ते नाव.

"काम काय करता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"बारीक काम आहे," बाई म्हणाल्या.

"शिवणकाम का?"

"तसंच समजा."

मी ओळख दिली नाही. कशी देणार? पाच दिवसांपूर्वी ह्याच बाईंना शाई ठेवून द्या म्हटलं होतं. मग चौकोनांचा तक्ता त्यांच्यासमोर धरला. पांढऱ्या कागदावर आडव्या-उभ्या काळ्या रेषा असतात, मध्ये ठिपका. डावा डोळा आधीपासूनच अधू, तो झाकायला सांगितला.

"ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?"

"कडेच्या सरळ आहेत. मधल्या आत जातात. खड्डा पडल्यासारख्या." मग म्हणाल्या, "मोठ्या हॉस्पिटलातही हेच दाखवलं होतं. डोळ्यात इंजेक्शन देतात आता. एक झालं, महिन्याला एक घ्यायचं. भाची नेते मला, हाताला धरून. एकटीने रस्ता ओलांडायची भीती वाटते."

माझ्या डोळ्यांसमोर सत्तावन्नाव्या अंकातल्या सगळ्या इमारती उभ्या राहिल्या. खड्डा नेमका तिथेच होता.

जाताना त्या म्हणाल्या, "अहो, हे कार्डावर फार लिहू नका. कामावर कळलं तर पंचाईत होईल. थोडंच राहिलंय, तेवढं माझ्या हातून पुरं व्हावं." मी म्हटलं, "छे छे, मॅडम, इथलं इथेच राहतं."

कुणाला काही सांगितलं नाही. फक्त घरी आल्यावर हिला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मला कशाला सांगतोस?" हिला कॉमिकमध्ये रसच नाही, त्याला काय करणार!

२१ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस नीट झोप नाही. चूक सुधारायला हवी म्हणून सत्तावन्नाव्या अंकावर पुन्हा लिहिलं. लिहिलं की मी घाई केली, ह्या वाकड्या रेषांत एक वेगळंच सौंदर्य आहे, शहर अभ्रककडे झुकतंय असं वाटतं. मनापासून लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्या नजरेने पाहिलं की तसंच दिसतं.

लोकांनी माझी सालटी काढली. 'शंभरनंबरी' नावाचा एक प्राणी आहे ग्रुपवर, तो माझा पहिला मजकूर नि दुसरा मजकूर शेजारी शेजारी लावून म्हणाला, "चौथी चौकट पलटली. बाईंनी चहाला बोलावलं वाटतं." त्याला सातशे हसरे चेहरे.

अकरा वर्षं लिहितोय, माझ्यावर असं कुणी हसलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहून टाकलं. आता बरं वाटतंय.

सकाळपासून शंभरनंबरी थांबतच नव्हता. बाईंच्या जुन्या-नव्या चौकटी लावून 'बघा म्हातारीचा हात' असं चाललं होतं. माझ्यापुरतं असतं तर मी गिळलं असतं, पण बाईंवर आल्यावर गप्प बसणं हा पळपुटेपणा झाला असता. मी लिहिलं:

"ज्या हाताला तुम्ही हसताय, त्या हाताच्या मालकिणीच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग विझत चाललाय. तिला सरळ रेषा वाकडी दिसते. तरी ती रोज टेबलाशी बसते. आता हसा. हे मला तिच्या अगदी घरातल्या माणसाकडून कळलं आहे."

शेवटचं वाक्य वेळेवर सुचलं म्हणून बरं. दुकानाचा कुठे वास येत नाही. मालकांना त्रास नको.

संध्याकाळपर्यंत तीन हजार शंभर. लोक रडलेत अक्षरशः. शंभरनंबरीने हात जोडलेलं चित्र टाकलं. दोघातिघांनी लिहिलं की चौथी चौकट म्हणजे माणूस आहे माणूस. बाईंनी वाचलं तर त्यांनाही बरं वाटेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रकाशकांनी जाहीर केलं. "आमच्या ज्येष्ठ चित्रकार भगिनींच्या प्रकृतीबद्दल वाचकांकडून कळल्याने आम्हाला दुःख झाले. त्यांना पूर्ण विश्रांती मिळावी म्हणून शेवटचे तीन अंक आमचे तरुण सहकारी पूर्ण करतील." खाली फुलांचं चित्र.

वाचकांकडून कळल्याने.

हे कधीतरी होणारच होतं. डोळा काही माझ्या लिहिण्याने बिघडला नाही. इतकं उघड दिसत होतं पानावर, आज ना उद्या त्यांना कळलंच असतं. मी दिवसभर हेच घोकत होतो. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा देऊन बसलो. मालक म्हणाले, "लक्ष कुठाय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

तीन अंक. अकरा वर्षं काढून तीन अंक.

३ मार्च, मंगळवार

बायकोला कळलं. ती लॅबमध्ये रक्त तपासते. तिथली कुणी पोरगी फोनवर माझंच लिहिलेलं वाचून डोळे पुसत होती. ही घरी आली, पर्स ठेवली, हातही न धुता समोर बसली.

"ते चौथी चौकट तूच ना?"

"हो. पण तू आधी संदर्भ समजून..."

"मी रोज दीडशे माणसांचं रक्त बघते. ह्या बिल्डिंगमधल्या चार जणांचं बघितलंय. कुणाला काय झालंय ते तुला एकदा तरी सांगितलं का?"

मी म्हटलं, मी बाईंच्या बाजूनेच लिहिलं होतं.

"तुझ्या बाजूने लिहिलंस," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.  ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं.

१० मार्च, मंगळवार

बाई आल्या. एकट्या.

बसमधून एक थांबा पुढे गेल्या होत्या, तिथून भिंतीच्या कडेकडेने चालत आल्या. चष्मा नाकावरून घसरत होता. मी तो हातात घेतला, काड्या गरम करून कानामागे वळवायला लागलो. कामात हात असले की मान खाली घालून ठेवता येते.

"आज भाची नाही आली?" विचारायला नको होतं, पण दुकानदाराची सवय.

"ती गेली. मीच घालवली." मग बाईच बोलत राहिल्या. बहुतेक त्यांना बरेच दिवस कुणी बोलायलाच मिळालं नव्हतं. "आता लपवायचं काय राहिलंय? मी शिवत नाही हो. मी चित्रांची पुस्तकं काढते, काढत होते. तुम्हाला नसेल माहीत, पोरंटोरं वाचतात. कुणीतरी माझ्या डोळ्याचं जगभर छापलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरला माझं काम माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही. माझं काम आणि माझा डोळा, दोन्ही ठाऊक असलेलं माणूस एकच. आणि त्यात लिहिलंयच ना, घरातल्या माणसाकडून कळलं म्हणून."

माझ्या हातातली काडी जास्तच गरम झाली होती. बोट भाजलं, ते मी तसंच राहू दिलं.

"ती काय म्हणाली?"

"शपथा घेतल्या. रडली. सात वर्षं माझ्याकडे राहत होती, अभ्रकचे रंग तीच भरायची. मी म्हटलं, तुला माझी जागा हवी होती. नको ते बोलले."

हाच क्षण होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो ते असं: "इंजेक्शनची पुढची तारीख कधी आहे?"

"आहे, आहे," त्या म्हणाल्या आणि पर्स उघडायला लागल्या. मी म्हटलं, काड्या वळवायचं काही द्यावं लागत नाही. त्या मला "देव भलं करो" म्हणाल्या. दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्या माझ्या मनगटाला धरून पायरी उतरल्या.

मागच्या खोलीत जाऊन मशीन सुरू केलं. घासायला काच नव्हती. आवाज हवा होता.

१४ मार्च, शनिवार

मजकूर काढून टाकला. काही उपयोग नाही, चारशे ठिकाणी त्याचे फोटो फिरतायत.

जाहीर माफी मागावी म्हणून लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं की मी वाक्य जमतंय का ते बघतोय. "मी तिच्या डोळ्यांवर माझा दिवा लावला" असं काहीतरी लिहिलं होतं. शी! पुसलं. हे छापलं असतं तर पाच हजार जणांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं असतं, आणि भाची होती तिथेच राहिली असती.

मग बाईंना निनावी पत्र लिहिलं. 'तुमच्या भाचीचा दोष नाही.' बायकोने ते टेबलावर पाहिलं. "सही कुठाय?" म्हणाली. फाडलं.

१९ मार्च, गुरुवार

अठ्ठावन्नावा अंक आला. घेणार नव्हतो, घेतला.

रेषा पट्टीने मारल्यासारख्या सरळ आहेत. इमारती चकचकीत, खिडक्या मोजून काढलेल्या, आणि एकाही खिडकीत कुणी राहत नाही. बाई काढायच्या तेव्हा मागच्या इमारतीत कुठेतरी एक माणूस टॉवेल झटकत असायचा, एखादी आजी कुंडीला पाणी घालत असायची. अभ्रक कुणाला वाचवतोय ते त्यांच्याकडे बघून कळायचं. ह्या पोराने अभ्रकचे दंड फुगवलेत आणि पहिल्याच पानावर त्याचा मुखवटा काढलाय. रंगही दुसऱ्याच कुणाचे.

ग्रुपवर सगळे खूश आहेत. "अखेर सुबक काम." शंभरनंबरीने मला विचारलं, चौथ्या चौकटीचं मत काय? मी खातं बंद केलं. त्यात मोठेपणा काही नाही. मत होतं, ते मांडायचं तोंड राहिलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार

बाईंच्या घरी जाऊन आलो. पत्ता दुकानातल्या कार्डावरून घेतला. तोही नियम मोडला, आता मोजत नाही.

तिसरा मजला. दार उघडलं तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. खिडकीपाशी तिरकं टेबल, त्यावर कोरा कागद पिनांनी लावलेला, शाईची बाटली बंद. शेजारी दुसरं छोटं टेबल, त्यावर रंगांच्या वाळलेल्या वाट्या. ते भाचीचं असणार.

मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो. उभ्यानेच सांगितलं. दुकान, कार्ड, ग्रुप, चौथी चौकट, आणि 'घरातल्या माणसाकडून' हे वाक्य मी स्वतःला झाकायला घातलं होतं, तेही.

बाई एवढंच म्हणाल्या:

"म्हणजे तुम्ही अभ्रक वाचता."

"पहिल्या अंकापासून."

"मग शिवणकाम का, असं विचारलंत ते?"

"नाटक."

"आणि इमारती झिंगल्यात, ते कुणी लिहिलं?"

"मीच."

"ते आम्हाला आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "भाचीने वाचून दाखवलं. दोघी पोट धरून हसलो होतो. निदान नीट बघितलंय म्हटलं कुणीतरी."

मला त्या क्षणी शिवी हवी होती. तेवढीही मिळाली नाही.

मग त्यांनी टेबलावरून चाचपत फोन उचलला आणि माझ्याकडे केला. "लावा. मला तोंड नाही. मी तिला काय काय बोललेय ते तुम्हाला माहीत नाही. आवाज मोठा ठेवा, मला ऐकायचंय."

दोन रिंगांत उचलला गेला. "मावशी?" ती घाईघाईने म्हणाली.

"मावशी नाही. मी चष्म्याच्या दुकानातला. ते डोळ्याचं जे छापून आलं ते मी लिहिलं होतं. घरातल्या माणसाकडून कळलं हे खोटं होतं. मावशी इथेच आहेत, त्यांच्यासमोर सांगतोय."

 मी फोन कानापासून दूर धरून उभा होतो. आता ती मला बोलेल, किंवा मावशीला बोलेल, दोन्हीला मी तयार होतो.

"पाच तारखेचं इंजेक्शन झालं का तिचं?" तिने विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या हात हलवून खुणा करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. त्यांच्या मागे फ्रिजवर हॉस्पिटलचं कार्ड चिकटवलेलं होतं. पाच मार्चच्या पुढचा चौकोन रिकामा. भाचीला तर त्याआधीच घालवलं होतं. कोण नेणार होतं हाताला धरून? आणि दहा तारखेला मी ह्याच तारखेचं विचारलं होतं, 'आहे, आहे' एवढ्यावर सोडून दिलं होतं. माझ्या डोक्यात एवढे दिवस फक्त तीन अंक होते.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही झालं," मी म्हणालो. "सतरा दिवस वर गेलेत."

"मी निघतेय," ती म्हणाली. फोन बंद.

सतरा दिवसांत तसल्या डोळ्याचं काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे. म्हणून बाईंना आता कसं दिसतंय ते विचारायचं धाडस केलं नाही.

"तुमच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही ना?" बाई म्हणाल्या.

"ती येईपर्यंत थांबू का?"

"नको. तिला माझ्याशी भांडायचं असेल. तुमच्यासमोर नको."

दार लागलं. मी जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबलो, का ते सांगता येणार नाही. अर्ध्या तासाने ती आली, दोन दोन पायऱ्या चढत, खांद्यावर कपड्यांनी भरलेली पिशवी. मी नेमका वाटेत उभा होतो. दुकानात ती बाहेरच बसली होती, तिने मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. "जरा सरकता का?" म्हणाली. मी भिंतीला लागून उभा राहिलो आणि तिला वर जाऊ दिलं.